अँपवरच्या टिकल्या

आबांनी माझी पहिली गिटार उंबऱ्यावर आपटून फोडली तेव्हा मी त्यांच्या मनगटाला चावले होते. चांगली कडकडून चावले, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत. त्यांनी दुसऱ्या हाताने माझ्या कानाखाली ओढली, मी भिंतीवर जाऊन आदळले, आणि आई चुलीपुढून उठून मध्ये आली म्हणून तिलाही एक बसली. आमच्या घरात मार पंगतीत वाढल्यासारखा वाटला जायचा, जो समोर येईल त्याच्या पानात. गिटारीच्या तारा मात्र तुटल्या नव्हत्या. फुटक्या लाकडाला लोंबकळत त्या झणझणत राहिल्या, तेव्हा आबांनी त्यांच्यावर पाय दिला.

आबा म्हणजे माझे वडील. मुळशी धरणाच्या काठच्या आमच्या वाडीत त्यांना सगळे वस्ताद म्हणत. तरुणपणी त्यांनी पुष्कळ फड मारले होते आणि गुडघा गेल्यावर ते देवळाशेजारच्या तालमीत पोरांना डाव शिकवत. त्या पोरांवर त्यांचा जीव होता. चुकलं तर पोरंही मार खायची, पण नंतर आबा स्वतःच्या हाताने त्यांच्या पाठीला तेल चोळायचे. आम्हा दोघींच्या वाट्याला फक्त पहिला भाग आला. तालमीत बाईमाणसाने पाऊल टाकायचं नाही असा दंडक होता, त्यामुळे आबांचं चांगुलपण ज्या जागेत राहायचं तिथे आम्हाला शिरकावच नव्हता. मी एकुलती एक. बाकी काही दिलं नसेल, पण राग त्यांनी मला पुरेपूर दिला होता.

लवळ्याच्या टेकडीवर कॉलेजं झाली आणि तिथल्या मुलींच्या वसतिगृहाच्या कचेरीत मला काम लागलं. दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. तिथे नागपूरची एक मुलगी खोलीचं दार लावून इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. तिच्याबद्दलच्या तक्रारी माझ्याकडे यायच्या. मी तक्रार सांगायला म्हणून वर जायची आणि तिथेच बसून राहायची. पुढे पुढे तर तक्रार आली नाही की मला चुकल्यासारखं व्हायचं. तिने मला शिकवलं. आबांनी फोडली ती पहिली, हलकी गिटार मी तेव्हाच पगारातून घेतली होती. शिक्षण संपवून ती निघाली तेव्हा अँप, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारं खोकं, कुठल्याच सामानात मावेना, म्हणून गिटारीसकट तो तिने मला देऊन टाकला.

दुधाच्या टेम्पोतून अँप वाडीत आला. आबांनी त्याला आधी पायाने ढोसलं, मग वाकून एका दमात उचललं आणि परत खाली ठेवलं. "खोकं वजनदार हाय," म्हणाले. पैलवानाला वजनाचा आदर असतो. पहिली गिटार हलकी होती म्हणून मेली आणि हा अँप जड होता म्हणून त्या दिवशी वाचला, असं मला आजही वाटतं.

हा तीन चॅनलचा अँप होता. म्हणजे एकाच खोक्यात तीन वेगवेगळे आवाज, आणि पायाशी एक बटणांची पट्टी. ज्या बटणावर पाय द्यावा तो आवाज सुरू. पहिला चॅनल स्वच्छ, दुसरा थोडा खरखरीत, आणि तिसरा डरकाळी फोडणारा. प्रत्येकाला आपापली बटणं: गेन, बेस, मिडल, ट्रेबल, व्हॉल्यूम. गेन म्हणजे आवाज आतल्या आत किती तापवायचा, आणि व्हॉल्यूम म्हणजे त्यातला बाहेर किती सोडायचा. हा फरक समजायला मला बरेच दिवस लागले. तोपर्यंत मी आबांसारखीच होते, तापला की सगळाच बाहेर.

मी पडवीत भाताच्या पोत्यांमध्ये बसून वाजवायची. पोती आवाज खातात. तिथे बेस कितीही वाढवला तरी छान घुमायचा, ट्रेबल चढवला तरी टोचायचा नाही. भात गिरणीवर गेला, पडवी रिकामी झाली, आणि तोच अँप पत्र्यावर खिळा ओढावा तसा किंचाळायला लागला. मला वाटलं बिघडला. मग लक्षात आलं की अँप तोच, खोली बदलली. तेव्हापासून मी आधी जागा बघायला शिकले. दुसरी गोष्ट, खोकं जमिनीवर ठेवलं की आवाज पोटऱ्यांना लागतो आणि कानाला कमी येतो. माणूस वाढवत बसतो आणि समोरच्याचं डोकं उठतं. म्हणून मी ते दुधाच्या क्रेटवर चढवायची.

सगळ्यात जास्त छळलं ते मिडलने. एकटीने वाजवताना मिडल काढून टाकलं की आवाज कसा जाडजूड, गोड लागतो. पण माझा चुलतभाऊ ऑक्टोपॅड घेऊन शेजारी बसला की माझी गिटार गायब. दिसतेय हलताना, ऐकू काही येत नाही. बेस त्याच्या ठोक्यांत बुडायचा, ट्रेबल झांजेत विरायचा. मधला आवाजच काय तो माणसापर्यंत पोचायचा. तो कानापेक्षा छातीला आधी कळतो. हे समजलं त्या दुपारी मी मिडल वाढवत वाढवत नेलं आणि आई भाकरी थापता थापता म्हणाली, "ह्ये हितं लागतंय," आणि पिठाचा हात छातीवर ठेवला.

तिसरा चॅनल माझा जीव की प्राण. घरात जे तोंडातून काढता येत नव्हतं ते सगळं मी तिथे काढायची. पण त्यालाही वळण लावावं लागलं. गेन पुरता चढवला की सूर एकमेकांत मिसळून नुसतं तळणाचं चरचरणं ऐकू येतं, कोण काय बोलतंय पत्ता लागत नाही. गेन अर्ध्याच्या थोडा वर आणि व्हॉल्यूम मात्र जेमतेम उघडा, दाराच्या फटीएवढा. त्याहून पुढे गेलं की तो अँप माणसाला जागेवरून उठवेल अशा ताकदीचा होता.

या सगळ्या जागा लक्षात राहाव्यात म्हणून मी आईच्या पाकिटातल्या बारक्या टिकल्या बटणांभोवती चिकटवल्या. पहिल्या चॅनलला लाल, दुसऱ्याला काळ्या, तिसऱ्याला हिरव्या. बटणाची रेघ टिकलीशी नेऊन लावली की झालं. आईला याचं फार हसू यायचं. म्हणायची, "सवाशीन केलीस की गं त्याला."

त्या वर्षी भाद्रपदाच्या शेवटी आबा तालमीतून लवकर घरी आले. तालमीतल्या कुठल्या पोराने नको तिथे हार खाल्ली होती आणि तो राग घेऊनच ते उंबरा चढले. मी तिसऱ्या चॅनलवर होते, मला पावलं ऐकू आली नाहीत. त्यांनी भिंतीतली वायर उपटली, दुहेरी केली आणि माझ्याकडे न येता आत जाऊन आईच्या पाठीवर ओढली. "तू हिला डोक्यावर बशीवलीस!" पदर सरकला तिथे वळ फुगलेला दिसत होता. माझं डोकं सणकलं. मी विळी पाटासकट उचलली आणि आबांच्या समोर जाऊन उभी राहिले.

आणि आबा हसले. मनापासून, तालमीतल्या पोराने चांगला डाव टाकल्यावर हसायचे तसे. "आत्ता कसं! माज्या रक्ताची हायेस." त्या शाबासकीने मला किती घाण वाटलं ते सांगता येणार नाही. आईच्या पाठीवर वळ आणि बापाच्या तोंडावर कौतुक. माझ्या हातातली विळी त्यांनी सहज काढून घेऊन कोपऱ्यात ठेवली.

मग पाणी पिऊन त्यांनी निकाल दिला. "दसऱ्याला देवळापुढं वाजव. सगळ्या गावाम्होरं. गाव बरं म्हनलं तर ऱ्हाऊ दे तुजं खोकं. हसलं, तर म्या सोता धरनात टाकीन. आन मग तुजं बी बघू, कुटं द्यायची त्ये."

म्हणजे अँपही जाणार आणि मीही. मी व्हय म्हटलं.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. आबांची गदा, कोयते, विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं घासायचं, तेलाचं बोट लावायचं, ओळीने मांडून हळदकुंकू वाहायचं आणि झेंडूची माळ घालायची. एकदा मांडलं की दसऱ्याची पूजा होऊन लोक सोनं लुटायला बाहेर पडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. ओळ मांडणं हे आबांचं काम, त्यात दुसऱ्याने लुडबुड केलेली त्यांना खपत नसे. नवमीला मी लवळ्याहून कामावरून परत आले तर ओळीच्या शेवटी, कुऱ्हाडीला लागून, माझा अँप. पाटावर ठेवलेला, वरून झेंडूची जाडजूड माळ, बटणांवरून पार खालपर्यंत आलेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. एवढ्या वर्षांत आबांनी माझी एखादी वस्तू जपून ठेवलेली मी पहिल्यांदा पाहत होते.

"घरात हाय तर वळीत बसंल," आबा म्हणाले. "हत्यार हाय का न्हाई, त्ये उद्या कळंल."

माळेखाली बोट घालून एकदा बघावं असं मनात आलं होतं. पण पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नाही, आणि आबा तिथेच घोंगडीवर बसलेले. मी आत निघून गेले.

दसऱ्याला दिवस कलताना तालमीतल्या पोरांनी अँप उचलून देवळापुढे नेला. ट्रॅक्टरची ट्रॉली हेच स्टेज. मी सांगितलं तसं दोन क्रेट एकावर एक रचून अँप वर चढवला, माळेसकट, कारण माळ काढायला आबांची परवानगी नव्हती. समोर अख्खी वाडी, हातात आपट्याची पानं. एका अंगाला शेजारच्या वाडीचे पैलवान, ज्यांच्याशी आमच्या तालमीचं जुनं वाकडं होतं. सोनं वाटायला म्हणून आले होते, पण कशासाठी आले होते ते सगळ्यांना माहीत होतं. आबा ट्रॉलीला खेटून पहिल्या रांगेत. आई बायकांमध्ये, मागे.

मी पहिल्या चॅनलवर देवीच्या गोंधळाची चाल धरली. आवाज जरा मोठा आणि गढूळ वाटला. मला वाटलं, मोकळं मैदान आहे, जागा बदलली की असं होतंच. चुलतभावाने ठोका दिला. बाया डोलायला लागल्या. एक म्हातारा म्हणाला, "वाजिवतीया की पोरगी!" मला बळ आलं आणि मी तिसऱ्या बटणावर पाय दिला.

जे झालं त्याला वाजणं म्हणता येणार नाही. अँपमधून डरकाळी निघाली, त्यामागोमाग कान फाडणारी शिट्टी, आणि ती थांबेचना. म्हाताऱ्यांनी कानावर हात दाबले, तान्ही पोरं किंचाळली. देवळामागे बांधलेला बैल दावं तोडून गर्दीच्या कडेने उधळला आणि नारळाच्या दुकानाचा मांडव घेऊन गेला. मी तारांवर पंजा दाबून पहिल्या बटणावर पाय आपटला. शिट्टी थांबली. आणि त्या शांततेत शेजारच्या वाडीचा एक पैलवान खदाखदा हसला. "वस्तादाची पोर रेडा पिळतीया!"

आमच्या तालमीतल्या एका पोराने त्याच्या तोंडावर ठोसा लगावला. दात तुटल्याचा आवाज मला ट्रॉलीवर ऐकू आला. पुढे कुणी कुणाला मारलं ते कळलंच नाही. वहाणा, काठ्या, नारळ, हाताला लागेल ते. मघाशी ज्यांनी एकमेकांच्या हातात सोनं देऊन गळाभेट घेतली होती ते एकमेकांचे गळे आवळत होते. माझा चुलतभाऊ ऑक्टोपॅड टाकून उडी मारून त्यात गेला. एकाचं डोकं फुटलं आणि सदरा रक्ताने भिजला. बाया देवळात पळाल्या, आई तेवढी होती तिथेच उभी राहिली.

मी माळ तोडली. एकही टिकली नव्हती. पत्रा लख्ख पुसलेला, रॉकेलचा वास येत होता, आणि सगळी बटणं अगदी सरळ वर तोंड करून एका रेषेत. तिसऱ्या चॅनलचा व्हॉल्यूमसुद्धा. हत्यारं घासायची तशी अँपचीही घासपूस झाली होती. वाकडीतिकडी बटणं सारखी करून, चिकटलेल्या टिकल्या खरवडून.

तेवढ्यात ट्रॉली हलली. आबा वर चढले होते. दुखरा गुडघा ओढत ते अँपसमोर आले आणि दोन्ही हात पसरले, उचलून खाली आपटायला. गाव हसलं होतं आणि निकाल ठरलेला होता.

"टिकल्या कुनी काढल्या?" मी ओरडले.

"म्या. पूजंला घान चालत न्हाई. बायकांच्या टिकल्या हत्याराला चिकटवत्यात व्हय?"

"त्या खुना हुत्या, आबा! कुटं किती फिरवायचं त्याच्या खुना!"

त्यांना समजलं. त्यांच्या डोळ्यांत मी ते पाहिलं, क्षणभर हात थांबले. चूक त्यांचीच होती हे त्यांना कळलं, आणि ते कळल्यामुळेच त्यांचा राग दुप्पट झाला. एवढ्या गावापुढे वस्ताद चुकीचा ठरणार नव्हता. मी अँपच्या बाजूला, ते बरोबर समोर. त्यांनी मला ढकलायला हात उचलला. तो हात मला पाठ होता, कुठून येतो आणि कुठे लागतो.

मी मार चुकवला नाही. मी बटणांकडे वळले. टिकल्या नसल्या तरी बोटांना सगळं माहीत होतं. बेस खाली. ट्रेबल थोडा खाली. मिडल पूर्ण वर. आणि व्हॉल्यूम मी टिकलीच्या जागी नेला नाही, शेवटपर्यंत फिरवला. त्यांचा हात माझ्या खांद्यावर बसला, खांदा बधिर झाला, आणि त्याच क्षणी मी तिसऱ्या बटणावर पाय देऊन सगळ्या तारांवर एकदम हात मारला.

अँप त्यांच्या छातीच्या उंचीवर होता, हातभर अंतरावर. तो आवाज त्यांना लागला. दुसरा शब्द नाही, लागला. तोंड उघडं पडलं, सदरा अंगावर थरथरला, आणि आबांचं पाऊल मागे गेलं. मागे ट्रॉलीची कड होती म्हणून एकच गेलं. त्यांनी फळी धरली आणि उभे राहिले. फडात उभ्या जन्मात जो माणूस मागे सरला नव्हता तो पोरीसमोर मागे सरला आणि ते सगळ्या गावाने पाहिलं, कारण त्या आवाजाने मारामारी जागच्या जागी थांबली होती.

मी वाट पाहिली नाही. व्हॉल्यूम खाली, मिडल जागेवर, गेन अर्ध्याच्या थोडा वर. मग गोंधळाची ती चाल मी पुन्हा पहिल्यापासून धरली, तिसऱ्याच चॅनलवर, आणि आता प्रत्येक सूर सुटा सुटा, धारदार निघत होता. फाटक्या सदऱ्यांनी, फुटक्या ओठांनी लोक उभ्या उभ्या ऐकत राहिले. मघाचा म्हातारा पुन्हा म्हणाला, "वाजिवलं गं बये." हसलं कुणीच नाही. आबा तोपर्यंत ट्रॉलीवरून उतरून गेले होते.

मी आईबरोबर घरी निघाले. आज दोघींपैकी एक मरणार अशीच माझी समजूत होती. पण आबा पडवीत भिंतीकडे तोंड करून बसलेले. आईने जेवायला हाक मारली तर "आं?" म्हणाले. पुन्हा मारली, पुन्हा "आं?" कानात घुमत होतं त्यांच्या. आई आत आली, चुलीपुढे बसली, तव्यावरची भाकरी उलटली आणि अगदी हळू म्हणाली, "पाऊल मागं पडलं त्याचं. म्या बगितलं." मग तिने पदर तोंडात कोंबला आणि ती हसायला लागली. पाठीवरचा वळ अजून पुरता गेला नव्हता, हसताना दुखत असावं, तरी ती थांबेना. माझ्या आईला मी इतकं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर अँप धरणात टाकायचं आबांनी काढलं नाही आणि माझ्या लग्नाचंही नाही. पुढे मी बावधनला खोली घेतली, आई माझ्याकडे येऊन जाऊन राहायला लागली. आबांचा हात अधूनमधून उचलला जायचा, सवयच ती. पण उचलला की ते आधी इकडेतिकडे बघत.

पुढच्या खंडेनवमीला आईच्या आग्रहाखातर मी वाडीत गेले, अँप घेऊन. हत्यारं घासून ओळीने मांडलेली होती. गदा, कोयते, विळे, फाळ. कुऱ्हाडीच्या शेजारी एक पाट रिकामा ठेवलेला. आबा पूजेला बसले होते. वर न बघता म्हणाले, "तुजं हत्यार तूच मांड. म्या हात लावनार न्हाई."

मी अँप पाटावर ठेवला. बटणं टिकल्यांशी होती, लाल, काळ्या, हिरव्या. आबांनी एकेका हत्याराला बोटाने हळदकुंकू लावलं. कोयत्याच्या धारेवरून त्यांचा अंगठा बिनधास्त फिरला. माझ्या अँपशी आले तेव्हा मात्र त्यांनी चिमूट भरली, कोपर अंगाशी धरलं आणि कुंकू लांबूनच टाकलं.

वायर भिंतीत लावलेलीसुद्धा नव्हती. आबांना ते दिसत होतं, तरी ते घाबरले. मला ते फार आवडलं. अजून आवडतं.